चर्चमधील युद्धस्मारक चित्रकाच

धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ चर्चमध्ये बसवलेली रंगीत काचेची खिडकी. ही प्रथा अनेक ख्रिस्ती देशांत आढळते. पण पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) ब्रिटनमध्ये ती गावोगाव पसरली. त्यामागे दफनाचा प्रश्न होता. १९१५ मध्ये सैनिकांचे मृतदेह मायदेशी नेण्यास मनाई झाली, आणि हजारोंचे देह तर सापडलेच नाहीत. ज्या घराला थडगे नव्हते त्याला गावच्या चर्चमधली खिडकी ही फुले ठेवण्याची जागा झाली.

ती सर्वांच्या आवाक्यातली मात्र नव्हती. खर्च मोठा; शिवाय इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये धर्मप्रांताची ‘फॅकल्टी’ म्हणजे लेखी परवानगी लागे. त्यामुळे एकट्याच्या नावाची खिडकी बहुधा सधन घरातल्या अधिकाऱ्याची, आणि साधे शिपाई पितळी किंवा दगडी फलकावर एका रांगेत, असा भेद मृत्यूनंतरही उरला.

चित्रविषय ठरावीक असत: ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज, देवदूत मायकेल, राजा आर्थरच्या कथांतला निष्कलंक सरदार सर गॅलहॅड, पुनरुत्थित ख्रिस्त. जेम्स क्लार्क यांच्या ‘द ग्रेट सॅक्रिफाइस’ (१९१४) या चित्रात क्रूसावरील ख्रिस्ताच्या पायाशी मरून पडलेला तरुण सैनिक आहे. ते अनेक खिडक्यांत उतरवले गेले. खाली रेजिमेंटचे चिन्ह, नाव, तारीख. चिखल आणि काटेरी तारा क्वचितच दिसतात. आईवडिलांना ते रोज पाहायचे नसावे.

रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडतात. चेहऱ्याच्या रेषा व छाया गडद तपकिरी रंगाने काढून काच भट्टीत भाजतात. पिवळी छटा चांदीच्या क्षारातून येते. काही कुटुंबे मुलाचे छायाचित्र कारागिराकडे देत. मग मध्ययुगीन चिलखतातल्या संताच्या धडावर त्या मुलाचाच चेहरा येई. पाहणाऱ्याला हे थोडे विचित्र वाटते, पण खिडकी त्याच्यासाठी नव्हतीच.

ठरावीक चित्रविषयांना अपवादही आहेत. केंब्रिजशरमधील स्वाफम प्रायर येथील सेंट मेरी चर्चच्या काचांत खंदक, झेपेलिन (जर्मन हवाई जहाज), पाणबुडी अशी खरीखुरी युद्धसामग्री बायबलच्या वचनांसोबत दिसते. आयरिश चित्रकर्ती विल्हेल्मिना गेडिस यांची ओटावाच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चमधील खिडकी (१९१९) या प्रकारातली सर्वांत बलवान म्हणावी लागेल. कॅनडाचे माजी गव्हर्नर जनरल ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी ती आपल्या पदरच्या मृत सहकाऱ्यांसाठी करवून घेतली. तिच्यात मेलेल्या योद्ध्याचे संत व देवदूत स्वागत करतात, पण एकाही चेहऱ्यावर गोडवा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकट्याच्या खिडक्या कमी झाल्या, सैन्याच्या तुकड्यांच्या वाढल्या. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतील वायुदलाच्या चॅपेलमध्ये ह्यू ईस्टन यांची खिडकी १९४७ मध्ये अनावृत झाली. तिच्यात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे १९४० च्या जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईत, लढलेल्या स्क्वाड्रनांची (विमानतुकड्यांची) चिन्हे आहेत. त्याच चॅपेलच्या भिंतीत त्या लढाईत बॉम्बने पडलेले एक भोक बुजवलेले नाही. त्यावर फक्त काच बसवली आहे.