कर्ब भरपूर, तरी सुपारी नको

मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) १.२ टक्के दिसला की कोकणातला बागायतदार खूश होतो. व्हावंच, घाटावर कितीतरी शेतांत ०.५ गाठतानाच दमछाक होते. पण त्या एका आकड्याच्या भरवशावर कोणी सुपारीची रोपं आणायला निघालं, की मी आधी विचारतो : मे महिन्यात विहिरीत पाणी किती असतं? माती सकस असणं वेगळं आणि जमीन त्या पिकाजोगी असणं वेगळं.

आधी कर्बाचा घोळ. प्रयोगशाळा मोजते तो कार्बन. सेंद्रिय पदार्थ त्याहून जास्त भरतो. पदार्थात ५८ टक्के कार्बन धरतात, म्हणून कर्बाला १.७२४ ने गुणायचं. १.२ चे झाले २.०७. खताच्या पिशवीवर मोठा आकडा दिसला तर तो या दोनांपैकी कशाचा, हे बघून घ्यावं.

आता खरी गोम. नेहमीचा नमुना वरच्या वीतभर थराचा असतो, तोही चाळलेला. दोन मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेले खडे फेकून देतात. जांभ्या दगडाच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत घमेलंभर माती चाळा, कधी कधी अर्धं घमेलं खडेच निघतात. खाली पडलेल्या मातीचा कर्ब उत्तम, कारण पालापाचोळा कुजत असतो आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं तो धरून ठेवतात. (तीच संयुगं स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही अडवून बसतात, हा या मातीचा जुना त्रास.) खड्यांचा मात्र कर्बाच्या आकड्यात मागमूस नसतो. खाली दीड फुटावर कातळ असला, तरी तोही नसतो.

योग्यता ठरवताना खोली, निचरा, उतार, खडे, सामू (पीएच), पाऊस, उन्हाळ्यातलं पाणी असं सगळं बघतात, आणि बहुतेक वेळा सर्वांत लंगडी बाजूच जमिनीची प्रत ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९७६ च्या आराखड्यात एस-१ म्हणजे उत्तम, एस-३ म्हणजे जेमतेम आणि एन म्हणजे अयोग्य. हा शिक्का पिकागणिक बदलतो. डोंगरउताराची तीच जमीन काजूला चालून जाते. सुपारीला बारमाही ओल लागते, सावली लागते, म्हणून आगरं नि कुळागरं (नारळ-सुपारीच्या बागा) पाण्याच्या कडेला.

शिवाय कर्ब शेणखत, हिरवळीचं खत, आच्छादन घालून वर्षानुवर्षं थोडाथोडा वाढवता येतो. कातळ तसा हलत नाही. आंब्यासाठी तो फोडून, बाहेरची माती भरून कलमं लावलेली आहेतच, पण तो खर्च ज्याचा त्याने मोजावा.

फळबागेसाठी नमुने थराथराने घ्यावेत : एक फूट, दोन फूट, तीन फूट. त्यासाठी मीटरभर खड्डा घ्यावाच लागतो. पहार कुठे खणकन वाजली ते लिहून ठेवा. मग खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. पाणी तसंच साचलेलं दिसलं, तर निचरा नाही, रोपांची ऑर्डर थांबवा.