नागपूरचं तापमान म्हणजे नेमकं कशाचं तापमान?

30 मे 2024 च्या दुपारी नागपुरात उत्तर अंबाझरी मार्गावरच्या कृषी विद्यापीठाच्या शेतात उभ्या असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. सोनेगावच्या केंद्राने 54 दाखवलं. त्याच दुपारी खापरीचं आणि रामटेकचं केंद्र 44 च्या आसपास होतं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंशांची नोंद करून देशभर खळबळ उडवली होती, त्यामुळे नागपूरचा आकडा वाऱ्यासारखा पसरला. हवामान खात्याने संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा केला. मुंगेशपूरचं यंत्रही सुमारे 3 अंश जास्त दाखवत होतं, असं तपासणीत निघालं.

खुलासा आला, पण वाद काही मिटला नाही. दर उन्हाळ्यात तो चहाच्या टपरीवर, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत पुन्हा निघतो. ‘खरा आकडा दाबून ठेवतात, पन्नास जाहीर केला तर सगळ्यांना सुट्टी द्यावी लागेल ना!’ मग कुणीतरी गाडीच्या डॅशबोर्डवरच्या 49 अंशांचा फोटो दाखवतं. पन्नास अंशांना कामकाज आपोआप बंद करणारा कायदा आपल्याकडे नाही, तेव्हा दडवण्याचं ते कारणच उरत नाही. पण मला हा वाद तेवढ्यावर सोडवत नाही. ‘तापमान’ म्हणजे नक्की कशाचं तापमान, हा साधा प्रश्न त्यात कुणी विचारतच नाही, आणि उष्णतेबद्दलची आपली सगळी धोरणं त्याच प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहेत.

आधी 56 चा निकाल लावू. भारतातली आजवरची अधिकृत उच्चांकी नोंद राजस्थानातल्या फलोदीची आहे, 19 मे 2016 ची, 51 अंश. नागपूरचा उच्चांक मे 2013 मधला, 47.9. मोडण्यासाठीच विक्रम असतात हे मान्य. पण एकाच दुपारी काही किलोमीटरच्या अंतरात 12 अंशांचा फरक? मे महिन्याच्या दुपारी तापलेली जमीन हवेला खालून सतत ढवळत असते. गरम हवेचे लोट वर चढतात, त्यांची जागा घ्यायला वरची हवा खाली येते आणि ही घुसळण जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत चालते. 56 अंशांची हवा 44 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ चार टक्के हलकी असते. असा गोळा एका शेतावर तासभर थांबूच शकत नाही, बनताबनताच तो वर निघून जाईल. शहरातल्या दोन मोकळ्या जागांच्या हवेत दुपारी एक-दोन अंशांचा, फार तर तीन अंशांचा फरक पडतो. सिमेंटच्या जंगलामुळे येणारा मोठा फरक रात्री दिसतो, दिवसा नव्हे.

आता गाडीच्या फोटोकडे वळू. मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट इथे आहे.

तापमापक कधीही हवेचं तापमान मोजत नाही. तो स्वतःचं तापमान मोजतो. त्याचं आणि हवेचं तापमान एकच आहे असं आपण गृहीत धरतो, आणि उन्हात नेमकं हेच गृहीतक मोडतं. भर दुपारी उन्हातून दर चौरस मीटरला जवळपास हजार वॅट ऊर्जा येते. उन्हात ठेवलेली कोणतीही वस्तू त्यातला काही भाग शोषून तापू लागते. ती हवेपेक्षा गरम झाली की हवा तिची उष्णता ओढून नेऊ लागते. जितकी ती जास्त गरम, तितकी ही ओढ जास्त. मिळणारी आणि जाणारी उष्णता जिथे सारखी होते, तिथे वस्तूचं तापमान स्थिरावतं. म्हणजे उन्हातली प्रत्येक वस्तू हवेपेक्षा गरमच असणार. प्रश्न एवढाच की किती गरम, आणि त्याचं उत्तर वस्तूच्या आकारावर अवलंबून असतं.

आकाराचा काय संबंध? कोणत्याही पृष्ठभागाला हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटलेला असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. वारा कितीही वाहो, पृष्ठभागाला अगदी टेकलेली हवा जागची हलत नाही. ती एखाद्या गोधडीसारखी वस्तूला लपेटून असते आणि उष्णतेला आधी तिच्यातून झिरपत बाहेर पडावं लागतं. वारा पृष्ठभागावरून जितकं लांब अंतर कापतो, तितकी ही गोधडी जाड होत जाते. मोटारीच्या टपावर ती जाड असते, बारीक तारेवर अगदी विरविरीत. हिशेब मांडला तर असं दिसतं की सारख्याच वाऱ्यात वस्तूचा व्यास चौपट लहान केला की दर चौरस सेंटीमीटरमागे उष्णता वाहून जाण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक आहे आणि ऊन कडक आहे, असं धरा. एक मिलिमीटर जाडीचा काळा मणी हवेपेक्षा एक-दीड अंशानेच जास्त तापेल. एक सेंटीमीटरचा तसाच मणी पाचेक अंशांनी. तीच झुळूक पडली की तो दहा अंशांपर्यंत जाईल. आणि गडद रंगाच्या मोटारीचा टप? हवेपेक्षा चाळीस अंशांनीही वर. ऊन तेच, हवा तीच, फक्त वस्तू निराळी. म्हणून ‘उन्हातलं तापमान किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. उन्हातलं मण्याचं, टपाचं, डांबराचं तापमान विचारता येतं. उन्हातलं हवेचं आणि सावलीतलं हवेचं तापमान मात्र जवळपास एकच असतं, कारण हवा स्वतः ऊन फारच थोडं शोषते.

गाडीचा संवेदक बहुधा पुढच्या बंपरमागे बसवलेला असतो. खाली साठ अंशांच्या पुढे गेलेला रस्ता आणि मागे तापलेलं इंजिन. सीताबर्डीच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की वाराही बंद. तो 49 दाखवतो तेव्हा खोटं बोलत नाही, स्वतःचं तापमान प्रामाणिकपणे सांगतो. मोबाइलच्या ॲपमधला आकडा तर अनेकदा कुठल्या तापमापकावरून आलेलाच नसतो, संगणकीय प्रारूपाने नकाशावरच्या तुमच्या भागाच्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो.

मग हवेचं तापमान पकडायचं कसं? एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याने यावर एक लाकडी पेटी काढली. पांढरी रंगवलेली, चारही बाजूंना दुहेरी झडपांची. वारा आत खेळतो, ऊन शिरत नाही, जमिनीवरून परतणारा ताप अडतो. आपल्या वेधशाळांमध्ये ती मोकळ्या जमिनीवर, तापमापक साधारण सव्वा मीटर उंचीवर येईल अशी उभी करतात आणि तिचं दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे नोंद घेताना ऊन आत येत नाही. जगभर हीच पद्धत असल्यामुळे नागपूरच्या आकड्याची तुलना फलोदीशी करता येते, आणि आपल्या आजोबांच्या काळातल्या नागपूरशीही.

स्वयंचलित केंद्रांत माणूस नसतो, पाराही नसतो. अशा अनेक केंद्रांमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला तिचा विद्युत रोध 100 ओहम, शंभर अंशांना 138.5. मधला प्रत्येक अंश म्हणजे 0.39 ओहमच्या आसपास. आता गणित करा. 45 अंशांना रोध सुमारे 117.5 ओहम होतो आणि 56 अंशांना 121.7. दोन्हींत फरक सव्वाचार ओहमचा. जोडणीतला एखादा स्क्रू सैल झाला, पावसाळ्यात गंज चढला, तर तेवढा जादा रोध सहज येतो आणि यंत्र त्याचा अर्थ ‘तापमान अकरा अंशांनी वाढलं’ असा लावतं. यावर उपाय म्हणून चार तारांची जोडणी वापरतात. दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि उरलेल्या दोन तारांनी फक्त विद्युतदाब मोजायचा. दाब मोजणाऱ्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या रोधाचा हिशेबात शिरकाव होत नाही. यंत्र नियमित तपासलं नाही तर मात्र ही युक्तीही पुरत नाही. केंद्रं उभारण्याचे समारंभ होतात, त्यांच्या देखभालीला तेवढा पैसा आणि माणसं मिळायला हवीत. वाद घालायचाच असेल तर तो इथे घालावा.

30 मे हा दिवस नवतप्यात येतो, हेही तेव्हा अनेकांनी ठासून सांगितलं. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवस पृथ्वी तापते, कारण सूर्य तेव्हा जवळ येतो, अशी समजूत आहे. सूर्य मे महिन्यात जवळ नसतोच. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला असते आणि मेअखेर ती दूरच जात असते. नागपुरात 26 मेच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. जमीन कोरडी, आकाश निरभ्र, वायव्येकडून येणारा वारा रखरखीत, म्हणून आपण भाजतो. त्यात रोहिणीचा हात नाही. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाची तारीख ऋतूंच्या तुलनेत दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकते. दोन हजार वर्षांपूर्वी सूर्य रोहिणीत एप्रिलच्या अखेरीस जात होता. ऊन काही त्याच्या मागोमाग सरकलेलं नाही. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दलही एवढंच सांगतो की तो कोशिंबिरीत घाला आणि बाहेर पडताना पाण्याची बाटली घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पेटीतला आकडा हवेचा आहे, आणि शास्त्राला तोच हवा. पण माणूस पेटीत राहत नाही. वर्धा रोडवर सळ्या बांधणारा मजूर, भाजीची हातगाडी लावणारी बाई, दुपारी पार्सल पोचवणारा पोरगा, यांचं शरीर त्या काळ्या मण्यासारखंच उन्हात उभं असतं. त्यातून ते स्वतःही उष्णता तयार करतं. हवा 37 अंशांच्या वर गेली की ती उष्णता ओढून न्यायची सोडून उलट देऊ लागते. तेव्हा वाचवणारी गोष्ट एकच, घाम सुकणं.

घाम किती सुकेल हे ओल्या तापमानावरून कळतं. तापमापकाच्या गोळीला ओला कपडा गुंडाळून त्यावर वारा घातला की तो जिथवर उतरतो, ते ओलं तापमान. नागपूरकरांना हे कूलरमुळे चांगलं ठाऊक आहे. वाळ्याच्या ताटीतून येणारी हवा त्याच दिशेने थंड होते. मेमध्ये 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओलं तापमान येतं 23 च्या आसपास. म्हणून मेमध्ये कूलर झकास चालतो. जूनमध्ये ढग येतात, पारा 38 वर उतरतो, आर्द्रता 50 टक्क्यांवर चढते आणि ओलं तापमान थेट 29 वर जातं. कूलर तेव्हा नुसता चिकटपणा फेकतो. जे कूलरचं होतं, तेच घामाचं.

हे सगळं एका आकड्यात बसवायची रीत अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांमध्ये 1950 च्या दशकात निघाली. ओलं तापमान 70 टक्के, उन्हात टांगलेल्या 15 सेंटीमीटरच्या काळ्या पोकळ गोळ्याचं तापमान 20 टक्के, हवेचं 10 टक्के. वर ज्याला आपण मोजमापातली चूक म्हणून पेटीबाहेर ठेवलं, तो उन्हाचा ताप इथे काळ्या गोळ्याच्या रूपाने मुद्दाम आत घेतला आहे. मेच्या त्या दुपारी काळा गोळा 60 वर धरला तर बेरीज येते साडेबत्तीस. जूनच्या दुपारी अधूनमधून ढग आहेत म्हणून गोळा 52 वर धरला, तरी साडेचौतीस. उन्हाला सरावलेल्या माणसानेही सलग अंगमेहनत करायची मर्यादा या एकत्रित आकड्यात, कामाच्या कष्टाप्रमाणे, 26 ते 28 च्या दरम्यान मानतात. म्हणजे दोन्ही दिवस धोक्याचे आहेत, आणि जूनचा जास्त.

आपली इशारा देण्याची पद्धत मात्र मुख्यतः हवेच्या कमाल तापमानावर बेतलेली आहे. मैदानी भागात पारा निदान 40 वर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. 40 नंतर सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ 45 झाल्यावर लाट जाहीर होते. जूनमधला 38 अंशांचा तो दिवस या चाळणीतून अलगद निसटतो. नागपूरने अहमदाबादपाठोपाठ 2016 मध्येच उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा हाती घेतला, भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवले, चौकांत हिरव्या जाळ्या बांधल्या. ही कामं मोलाची आहेत आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण पहिल्या ढगाबरोबर ती आवरती घेतली जाता कामा नयेत. शहरात जिथे माणसं उन्हात राबतात, अशा दहा-बारा ठिकाणी काळा गोळा आणि ओला तापमापक बसवावा, कळमना बाजारात, बांधकामांवर, बसस्थानकांत. त्याचा आकडा फलकावर लावावा आणि रस्त्याच्या कंत्राटात दुपारच्या विश्रांतीची वेळ त्या आकड्याला बांधून द्यावी, मजुरी न कापता. हे काम मार्चमध्ये सुरू झालं तर पहिल्याच वर्षीच्या जूनपर्यंत पुरेशा नोंदी हातात येतील.