शंभर ट्रॅकर चिकटवले म्हणून टॉरेंट धावत नाही

फोंडा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: टॉरेंटमध्ये (म्हणजे इतरांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवताना) ट्रॅकरची लांबलचक यादी चिकटवा, वेग दुप्पट.

ट्रॅकरकडे फाइल नसतेच. ती कोणाकोणाकडे आहे, त्यांचे पत्ते तेवढे तो सांगतो. डेटा येतो सीडर (पूर्ण फाइल असलेले) आणि पीअरांकडून (तीच फाइल घेणारे-देणारे इतर). सीडर एकही नसेल, तर शंभर ट्रॅकर काय करणार? डीएचटी (संगणकांनी एकमेकांनाच पत्ते विचारायची सोय) चालू असेल तर पत्ते ट्रॅकरविनाही मिळतात. पत्तेच सापडत नसतील तेव्हा मात्र एखादा जिवंत ट्रॅकर खरंच कामी येतो. सल्ला पसरला तो बहुधा त्यामुळेच.

पडताळायचं असेल तर क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या अ‍ॅपमध्ये एखाद्या लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लावा. वेग आणि जोडलेल्या पीअरांचा आकडा टिपून ठेवा, मग यादी घाला, थोड्या वेळाने पुन्हा पाहा. ट्रॅकरच्या टॅबमध्ये प्रत्येकाची स्थितीही दिसते. बरेचसे बंदच निघतात. आणि ४० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट येणार, तेवढे मिळत असतील तर यादीला वाढवायला काही उरतच नाही.

डाउनलोडसमोर 'क्यूड' (रांगेत थांबलेलं) दिसलं म्हणूनही काही जण ट्रॅकर घालतात. तो फक्त रांगेचा नियम: मूळ सेटिंगप्रमाणे एका वेळी ३ डाउनलोड चालतात, चौथं थांबतं. घाईचं असेल ते रांगेत वर सरकवा.