व्यायाम का करता? हा प्रश्न मोजणाऱ्या फॉर्मची पार्श्वभूमी

कोल्हापुरात बीपीएड, एमपीएडच्या (शारीरिक शिक्षणाच्या पदव्या) पोरांचे गुगल फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरत असतात, रंकाळ्यावर चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर, जिमच्या ग्रुपवर, तालमीतल्या पोरांकडं पण. "व्यायाम केला नाही तर मला अपराधी वाटतं", पुढं ० ते ४, टिक करा. लोक घाईत टिक करून मोकळे होतात. पण ही वाक्यं कुठनं आली, मधे काय गाळलं आणि काय परत घातलं हे ठाऊक असलं तर त्यावर थिसिस लिहिणाऱ्याला तरी नक्की फरक पडतो.

जुनं थोडक्यात सांगतो. १९६८ ला अमेरिकेत एक स्केल आलं, त्यात शारीरिक हालचालीकडं बघायच्या सहा नजरा होत्या: आरोग्य, लोकांत मिसळणं, सौंदर्य, थरार, मन मोकळं होणं आणि कष्टाची तपश्चर्या. पण ते दृष्टिकोन मोजायचं, माणूस प्रत्यक्ष का घाम गाळतो ते नाही. १९८३ ला पोरं खेळात का येतात याची ३० कारणांची प्रश्नावली आली, ती खेळापुरती.

खरं काम नव्वदच्या दशकातलं. १९९३ ला ब्रिटनमधनं एक्सरसाइज मोटिव्हेशन्स इन्व्हेंटरी आली, १९९७ ला तिची दुसरी आवृत्ती, ५१ वाक्यं आणि १४ हेतू. वजन, दिसणं, ताकद, चपळाई, चुरस, चारचौघांत नाव, डॉक्टरनं सांगितलं म्हणून, सगळं त्यात आहे. ही प्रश्नावली "कशासाठी" विचारते. त्याच वर्षी त्याच गटाकडनं बीआरईक्यू (बिहेविअरल रेग्युलेशन इन एक्सरसाइज क्वेश्चनेअर) आली, १५ वाक्यांची, वरचं अपराधी वाटण्याचं वाक्य तिच्यातलंच, ती विचारते की ही इच्छा कितपत तुमची स्वतःची आहे. पाया १९८५ पासनं गाजत असलेली सेल्फ डिटरमिनेशन थिअरी: एका टोकाला दुसऱ्याच्या धाकानं, मग मनाला टोचणी लागते म्हणून, मग फायदा पटलाय म्हणून, मग हे माझ्या असण्याचाच भाग आहे म्हणून (याला इंटिग्रेटेड म्हणतात), आणि दुसऱ्या टोकाला निव्वळ मजा येते म्हणून.

आता वादाचा मुद्दा. १९९७ च्या बीआरईक्यू फॉर्ममध्ये यातली इंटिग्रेटेड पायरी ठेवलीच नाही. कारण आकडेवारीचं होतं, "पटलंय म्हणून" आणि "माझा भाग आहे म्हणून" ही उत्तरं कागदावर वेगळी काढणं अवघड जात होतं. "व्यायामात काही अर्थच वाटत नाही" हा गटही तेव्हा गाळला, कारण जवळजवळ सगळेच तिथं शून्य टिक करत होते. हा गट २००४ मध्ये परत आला, तेव्हा उत्तरं देणारे लोक डॉक्टरनं व्यायामाला पाठवलेले होते, आणि फॉर्म १९ वाक्यांचा झाला. म्हणजे कुणाला विचारलं यावर काय मोजता येतं ते ठरलं! इंटिग्रेटेडला मात्र २००६ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा कॅनडातल्या संशोधकांनी त्यासाठी चार वाक्यं तयार केली, ती आणि टोचणीचं आणखी एक वाक्य घेऊन पुढं २४ वाक्यांची तिसरी आवृत्ती झाली.

माझ्या मते गाळायचा निर्णय चूक होता, निदान आपल्यासारख्या गावासाठी तर नक्कीच. पहाटे हौद्यात (कुस्तीच्या आखाड्यात) माती उकरून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला विचारा का करतोस, तो "फायदे पटलेत" असं म्हणणार नाही, "मजा येते" असंही रोज म्हणणार नाही, तो म्हणणार "पैलवान हाय मी". हे उत्तर टाकायला १९ वाक्यांच्या फॉर्ममध्ये जागाच नाही, त्यामुळं तो कुठंतरी अधेमधे टिक करतो आणि आपण ते खरं धरून चालतो. आणि अजूनही बरीच पोरं १९ वालाच वापरतात, नेटवर सहज मिळतो म्हणून.

त्यात भर म्हणजे सगळ्याचा मिळून एकच आकडा काढायची पद्धत. १९ वाल्या फॉर्ममध्ये "अर्थ नाही"च्या सरासरीला उणे ३ नं गुणायचं, धाकाला उणे २, टोचणीला उणे १, पटण्याला अधिक २, मजेला अधिक ३, आणि बेरीज. आता एक कधीमधी चालायला जाणारा घ्या, मजा २, पटलंय २, बाकी शून्य. बेरीज १०. दुसरा तालमीतला, मजा ४, पटलंय ४, चुकलं तर टोचणीही ४, वस्तादांचा धाक ३. १२ अधिक ८, वजा ४, वजा ६, पुन्हा १०! दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आणि आकडा सारखा. या बेरजेवर संशोधकांतही दोन तट आहेत, आणि अलीकडं प्रत्येक पायरीचा आकडा वेगळा दाखवावा म्हणणारे वाढलेत. मी त्यांच्याच बाजूचा.

मराठी भाषांतरातही अशीच गफलत होते. इंग्रजी फॉर्म व्हॅलिडेटेड आहे (म्हणजे जे मोजायचं तेच मोजतो हे तपासलेलं आहे) म्हणून त्याचा मराठी फॉर्म आपोआप व्हॅलिडेटेड होत नाही. दुसऱ्या कुणाकडनं तो उलटा इंग्रजीत करून घ्यायला लागतो, आणि वाक्यांचे गट आपल्या लोकांतही तसेच पडतात का ते फॅक्टर अॅनालिसिसनं (कुठली उत्तरं एकत्र जातात ते काढायचं गणित) परत बघायला लागतं, नुसता क्रॉनबॅक अल्फा (एका गटातली वाक्यं एकमेकांशी कितपत जुळतात त्याचा आकडा) देऊन भागत नाही. तालमीत फॉर्म वाटणार असाल तर २४ वालाच घ्या, आणि थिसिसमध्ये कुठली आवृत्ती वापरली, आकडे कसे काढले ते स्पष्ट लिहा.