ठिपक्याचा नकाशा: एचआर १०९९ वरचे डाग

कृत्तिकांच्या दक्षिणेला सुमारे २४ अंशांवर, वृषभ राशीच्या अगदी तळाशी, एचआर १०९९ हा जोडतारा आहे. अंतर ९७ प्रकाशवर्षे. फुगत चाललेला एक नारिंगी तारा आणि त्याचा बराचसा सूर्यासारखा सोबती २.८४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. मोठ्याची तबकडी आकाशात जेमतेम एक सहस्रांश आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भरते, म्हणजे दुर्बिणीत तो ठिपकाच. तरी १९८३ मध्ये व्होग्ट आणि पेनरॉड या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच्यावरच्या डागांचा नकाशा काढला, तोही वर्णपटावरून.

तारा फिरताना त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. त्यामुळे वर्णपटातली शोषणरेषा, म्हणजे ताऱ्याच्या वातावरणाने प्रकाश शोषल्याने उमटलेली काळी रेघ, पसरते. इथे सेकंदाला जवळपास ८० किलोमीटर इतकी. रेषेतली प्रत्येक जागा म्हणजे तबकडीवरची अक्षाला समांतर अशी एक पट्टी. डाग थंड असतो, त्या पट्टीचा प्रकाश घटतो आणि रेषेच्या तळात नेमका तिथे उंचवटा उमटतो. तारा फिरतो तसा हा उंचवटा निळ्या बाजूकडून तांबड्या बाजूकडे सरकतो. मध्यावर कधी आला यावरून रेखांश कळतो, किती दूरवर जातो यावरून अक्षांश. ध्रुवाजवळचा डाग रेषेच्या मध्याजवळच डोलत राहतो.

६०,००० विभेदनक्षमतेचा (म्हणजे तरंगलांबीतला साठ हजारांश फरक ओळखणारा) वर्णपटमापक सेकंदाला ५ किलोमीटरचा फरक ओळखतो, म्हणून रेषेत साधारण १६ पट्ट्या मिळतात. एका रेषेतला उंचवटा गोंगाटात हरवतो; त्यासाठी हजारो रेषा एकत्र करून एकच स्वच्छ रेषा काढतात.

जोडताऱ्यात खरी कसोटी कक्षेची असते. मोठ्या ताऱ्याचा कक्षेतला वेग ४० मिनिटांत सेकंदाला ३ किलोमीटरपर्यंत बदलतो. एवढा वेळ प्रकाश साठवला तर उंचवटे पुसट होतात, म्हणून १५-२० मिनिटांवर थांबलेले बरे. कक्षेचा वेग वजा करताना सेकंदाला किलोमीटरभराची चूक झाली, तरी नकाशात नसलेले डाग उगवतात. परिवलनाचा वेग चुकीचा धरला तर विषुववृत्ताला समांतर खोटा पट्टा दिसतो. शिवाय प्रत्येक फेरीत दोनदा सोबत्याच्या रेषा मोठ्याच्या रेषांवर येतात. त्या वेळचे वर्णपट सोबत्याचा वाटा वेगळा केल्याशिवाय वापरू नयेत.

वेळापत्रकही आडवे येते. मोठा तारा स्वतःभोवतीही कक्षेइतक्याच वेळात फिरतो, म्हणून तीन रात्रींनी तो जवळजवळ तीच बाजू दाखवतो, फरक फक्त फेरीच्या ६ टक्क्यांचा. एकाच वेधशाळेतून रात्री सहा तास निरीक्षण केले, तर पूर्ण गोल पाहायला अडीच आठवडे लागतात, आणि तेवढ्यात डागच बदलू शकतात. वेगवेगळ्या रेखांशांवरच्या वेधशाळांनी मिळून पाहणे हाच खरा उपाय.

दोन चांगले नकाशे हाती आले की अक्षांशागणिक डाग किती सरकले ते मोजता येते. सूर्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरते, ध्रुवांजवळचा भाग ३५ दिवसांच्या आसपास. एचआर १०९९ च्या मोठ्या ताऱ्यावरही विषुववृत्तच पुढे असते, पण ही आघाडी सूर्यापेक्षा बरीच कमी आहे.

त्याच्या ध्रुवाजवळ मोठा डाग दिसला, तेव्हा तो खरा की रेषेच्या मध्यातला दुसराच काही परिणाम, ही शंका रास्त होती. सूर्यावर ध्रुवाशी डाग नसतात. २०१६ मध्ये देवयानी तारकासमूहातल्या झीटा अँड्रोमिडे या दुसऱ्या जोडताऱ्याची तबकडी माउंट विल्सनवरच्या सहा दुर्बिणींचा प्रकाश जोडून थेट पाहिल्याचे प्रसिद्ध झाले. तिथेही ध्रुवाशी काळा डाग होता.