नियमितीकरणाच्या कट-ऑफ तारखा आल्या कुठून?

अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची घोषणा झाली की लोक आधी विचारतात, "तारीख कोणती धरलीय?" म्हणजे कोणत्या दिवसापर्यंतची बांधकामे त्यात बसतात. मूळ कायद्यात अशी तारीख नव्हतीच.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला एमआरटीपी. त्याच्या कलम ५३ खाली पाडकामाची नोटीस निघते. पण त्याच कलमात नोटीसधारकाला कलम ४४ नुसार परवानगीचा अर्ज करायची मुभा आहे, आणि अर्ज मुदतीत केला तर त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवर हातोडा पडत नाही. तर्क साधा होता. समजा कुणी मागच्या अंगाला एक खोली काढली, पण एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येते त्याची मर्यादा) शिल्लक आहे आणि सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागाही सुटते; आधी विचारले असते तर परवानगी मिळालीच असती. अशाने शुल्क भरावे, नकाशा मंजूर करून घ्यावा. नियमात बसतच नाही त्याला इथे दार बंद.

मग शहरे वाढली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई होती, तरी पुणे, सांगली, औरंगाबादच्या कडेने शेते गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हातात काय, तर साठेखत (विक्रीचा नुसता करार) नाहीतर नोटरी केलेला स्टॅम्प पेपर. सातबारा जुन्या शेतकऱ्याच्याच नावावर. ही घरे एकेकट्या अर्जाने सुटणारी नव्हती, कारण मुळात प्लॉटच बेकायदा. म्हणून २००१ चा गुंठेवारी कायदा आला: १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी, म्हणजे असे पाडलेले प्लॉट आणि त्यांवरची घरे, प्रशमन शुल्क (नियमभंगापोटीची रक्कम) आणि विकास आकार (रस्ते-पाणी अशा सुविधांसाठीची रक्कम) भरून नियमित. २०२१ मध्ये एका दुरुस्तीने तारीख ३१ डिसेंबर २०२० वर गेली. तब्बल वीस वर्षे!

उल्हासनगरची गोष्ट वेगळीच. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. बराकींच्या जागी पुढे मजल्यावर मजले चढले. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्यावर सरकारने २००६ मध्ये फक्त या एका शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा केला. कागदावर प्रश्न मिटला. पण मे २०२१ मध्ये तिथल्या दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, आणि नव्वदच्या दशकात उल्वा नावाची निकृष्ट रेती वापरून उभ्या केलेल्या इमारतींची चर्चा पुन्हा सुरू झाली. शुल्क भरून नकाशा सुधारतो, काँक्रीट नाही. हे सरकारदरबारी कुणाला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

२०१३ साली दोन घटना पाठोपाठ घडल्या. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधील जादा मजल्यांना अभय नाकारले. एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण गेले. तरी दोनच वर्षांत नवी मुंबईतल्या दिघ्याच्या ९९ इमारतींवर पाडकामाचा आदेश आला, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले आणि सगळेच पक्ष त्यांच्या बाजूने उभे राहिले. अशी बांधकामे नियमित करण्याचे सरकारने मांडलेले धोरण उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळले. तेव्हा सरकारने कायदाच बदलला. २०१७ मध्ये एमआरटीपीत कलम ५२अ घालण्यात आले. ठरलेल्या तारखेपर्यंतची बेकायदा बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची योजना त्यात आहे; तारीख ३१ डिसेंबर २०१५. नदीपात्र, निळी पूररेषा (तिच्या आत बांधकामाला मनाई असते), वनजमीन आणि धोकादायक इमारती वगळल्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले, नियमांतला काही भाग मात्र रद्द केला.

योजना येऊनही अर्जांची रीघ लागली नाही. मालकीचा कागद, आर्किटेक्टचा नकाशा, वर शुल्क. गुंठ्यावरच्या माणसाचे घोडे पहिल्याच कागदापाशी अडते.

पिंपरी-चिंचवडने आणखी एक प्रकार पाहिला. बेकायदा बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड. ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असे शास्तीच्या कलमातच लिहिले आहे. या शास्तीवर तिथे निवडणुका लढल्या गेल्या. २०२३ मध्ये ती माफ झाली. घरे मात्र तेवढ्याने अधिकृत झाली नाहीत, त्यांना ५२अ किंवा गुंठेवारीचा अर्ज वेगळा करावाच लागतो.