जॅझ एलपींचे पुनःप्रकाशन

जॅझ एलपींचे पुनःप्रकाशन : पूर्वी प्रसिद्ध झालेले, किंवा ध्वनिमुद्रित होऊनही त्या काळी अप्रकाशित राहिलेले जॅझ संगीत व्हायनिलच्या दीर्घ वाजणाऱ्या (‘लाँग प्ले’, म्हणजेच एलपी) तबकडीवर नव्याने कोरून बाजारात आणण्याची प्रथा. संग्राहक अशा तबकडीला ‘रीइश्यू’ आणि पहिल्या खेपेच्या तबकडीला ‘ओरिजिनल’ किंवा ‘फर्स्ट प्रेस’ म्हणतात. नवी तबकडी कोरताना मूळ ध्वनिफीत नव्याने वाचली जाते. जुन्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करताना कोणती पोथी आधाराला घेतली हे आधी पाहावे लागते, तसेच येथे कोणती फीत आधाराला घेतली हे आधी पाहावे लागते. रसग्रहणाचे बहुतेक वाद या एका मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील कमोडोर म्युझिक शॉपचे मिल्ट गेब्लर यांनी १९३५च्या सुमारास ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ या नावाखाली बाजारातून नाहीशा झालेल्या जॅझ तबकड्या पुन्हा काढण्यास सुरुवात केली. काही अभ्यासक येथूनच पुनःप्रकाशनाचा आरंभ धरतात. तबकडीच्या लेबलावर सर्व वादकांची नावे छापण्याची पद्धतही सामान्यतः गेब्लर यांच्याच नावे मांडली जाते. इतर अभ्यासक १९४० मध्ये जॉर्ज अव्हाकियन यांनी कोलंबियासाठी सुरू केलेल्या ‘हॉट जॅझ क्लासिक्स’ या मालेला पहिले स्थान देतात, कारण त्यांनी कंपनीच्या भांडारात शिरून लुई आर्मस्ट्राँग यांची तोवर अप्रकाशित असलेली मुद्रणेही शोधून काढली. काळाच्या दृष्टीने गेब्लर आधीचे ठरतात. परंतु मूळ साधनांपर्यंत जाऊन संपादन करणे हा निकष लावल्यास आजच्या प्रथेचे नाते अव्हाकियन यांच्याशी अधिक जवळचे दिसते. हे सर्व काम मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर झाले. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी कोलंबियाने जून १९४८ मध्ये आणली. त्यानंतर जुन्या छोट्या मुद्रिका एकत्र करून आधी १० इंची व पुढे १२ इंची एलपींवर आणण्याचा क्रम सुरू झाला. त्यामुळे आज ‘ओरिजिनल’ म्हणून मोठी किंमत मिळवणाऱ्या १९५६च्या आसपासच्या काही एलपी वस्तुतः त्या काळचे रीइश्यूच आहेत. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या ब्लू नोट या कंपनीच्या लेबलावरील आरंभीच्या संकलनांची गणना यातच करावी लागते.

फितीची वंशावळ : अभिजात मानल्या जाणाऱ्या जॅझचा मोठा भाग साधारणपणे १९५० ते १९७० या काळात ब्लू नोट, प्रेस्टीज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी, व्हर्व्ह, इम्पल्स व कोलंबिया या कंपन्यांनी मुद्रित केला. ब्लू नोटची स्थापना १९३९ची. ॲल्फ्रेड लायन व त्यांचे मित्र फ्रान्सिस वुल्फ यांच्या हातून ती वाढली. तिची १९५३ नंतरची बहुसंख्य मुद्रणे रूडी व्हॅन गेल्डर (१९२४–२०१६) यांनी केली. व्हॅन गेल्डर व्यवसायाने दृष्टितपासनीस होते. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ते मुद्रण करीत, आणि १९५९ पासून एंगलवुड क्लिफ्स येथील स्वतःच्या स्टुडिओत करू लागले. मुद्रण आणि तबकडीचे कोरीवकाम ही दोन्ही कामे त्यांच्याच हातची असल्यामुळे पाठचिकित्सेचा, म्हणजे मूळ पाठ ठरवण्याचा, एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्या काळच्या स्वस्त फोनोग्राफवर सुई खाचेतून उसळू नये म्हणून तबकडी कोरताना खालचे स्वर आवरते घेतले जात व आवाजातील चढउतार काहीसे दाबले जात. फितीवर असलेला डबल बासचा भरदारपणा त्यामुळे तबकडीवर पूर्णपणे उतरत नसे. मग मूळ पाठ कोणता मानावा, फितीवरचा की १९५०च्या दशकातील श्रोत्याने प्रत्यक्ष ऐकला तो तबकडीवरचा? जुन्या संग्राहकांचा एक वर्ग तबकडीची बाजू घेतो आणि तिच्यातील दाटपणा व ट्रम्पेटचा पुढे येणारा आवाज हाच ब्लू नोटचा खरा ध्वनी मानतो. केव्हिन ग्रे यांच्यासारखे आजचे कोरक फितीशी प्रामाणिक राहणे पसंत करतात. स्वतः व्हॅन गेल्डर यांनी उत्तरायुष्यात एलपी या माध्यमाच्या ध्वनिविकृतीबद्दल स्पष्ट नाराजी व्यक्त केली होती, त्यामुळे त्यांच्याच नावाने तबकडीची बाजू मांडणे कठीण होते. फितीचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र तसे म्हणताना ती फीत साठ वर्षांची झाली आहे हे विसरून चालत नाही.

मोनो (एकमार्गी) व स्टिरिओ (दोन मार्गांचा) ध्वनी यांचा वाद याच प्रश्नाचा पोटभाग आहे. व्हॅन गेल्डर १९५७ पासून ब्लू नोटसाठी मोनो फितीच्या जोडीने दोन मार्गांची फीतही चालवू लागले, पण मुद्रणाच्या वेळी ऐकून तोल साधला जाई तो मोनोचा. साधारणपणे १९५८च्या अखेरीस स्वतंत्र मोनो फीत बंद झाली असे मानले जाते. त्यापुढच्या ‘मोनो’ एलपी दोन मार्ग एकत्र मिसळून तयार केलेल्या आहेत. हा कालानुक्रम स्वीकारल्यास १९५७च्या मुद्रणासाठी मोनो पुनःप्रकाशन शोधण्याला अर्थ आहे, तर १९६३च्या मुद्रणासाठी तसा आग्रह धरण्याला फारसा आधार उरत नाही. बाजारात मात्र दोन्ही काळांतील मोनो तबकड्यांना सारखाच मान मिळतो.

‘काइंड ऑफ ब्लू’चे उदाहरण : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचे हे मुद्रण कोलंबियाच्या न्यूयॉर्कमधील ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत २ मार्च व २२ एप्रिल १९५९ रोजी झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलपी प्रसिद्ध झाली. मार्चच्या बैठकीत मुख्य तीन-मार्गी यंत्र नेहमीपेक्षा किंचित संथ चालत होते. योग्य वेगाच्या यंत्रावर फीत लावताच संगीत थोडे जलद व थोडे चढ्या सुरात ऐकू येई. पहिल्या बाजूवरील तीनही रचना अशा रीतीने तीस वर्षांहून अधिक काळ चढ्या सुरातच ऐकल्या गेल्या. तबकडीबरोबर साथ करू पाहणाऱ्या वादकांना आपले वाद्य जुळत नाही असा अनुभव येई. त्या बैठकीत दुसऱ्या यंत्रावर सुरक्षेसाठी घेतलेली फीत अचूक वेगाची होती, आणि १९९२च्या सीडी आवृत्तीत तिचा आधार घेऊन दोष प्रथम दूर झाला. व्हायनिलवर हे काम क्लासिक रेकॉर्ड्सने १९९०च्या दशकात केले व श्रोत्याला तुलना करता यावी म्हणून पहिली बाजू दोन्ही वेगांत उपलब्ध करून दिली. पाठभेद लपविण्याऐवजी दोन्ही पाठ शेजारी ठेवण्याचा हा मार्ग पुनःप्रकाशनाच्या इतिहासात आदर्श म्हणावा असा आहे. दुरुस्त सूर हाच खरा असे संगीतशास्त्राच्या दृष्टीने म्हणता येते. तरीही ज्या पाठाने दोन पिढ्यांचे कान घडवले तो केवळ चूक म्हणून टाकून देणे योग्य नव्हे. पहिल्या खेपेच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावेही अदलाबदल होऊन छापली गेली होती.

निर्मिती : ॲल्युमिनियमच्या चकतीवरील लॅकरच्या थरात खाच कोरली जाते. त्यावर चांदीचा मुलामा देऊन विद्युत् विलेपनाने निकेलची उलटी प्रत घेतात, तीवरून ‘मदर’ ही सुलटी प्रत व ‘मदर’वरून तबकडी दाबणारे ‘स्टॅम्पर’ बनतात. प्रत्येक पायरीला थोडी झीज होते, म्हणून काही महागड्या आवृत्त्यांत मधल्या पायऱ्या गाळल्या जातात. ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी. वेगाने सरकते, आतल्या टोकाला हा वेग सुमारे २१ सेंमी. राहतो. बाजूच्या शेवटी झांजा व ट्रम्पेट फाटल्यासारखे वाटतात ते यामुळेच. एक एलपी ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर विभागून देण्याचे कारण हेच आहे. तबकडी वारंवार उलटावी लागणे ही त्याची किंमत. याउलट वेष्टनावर ठळकपणे छापल्या जाणाऱ्या १८० ग्रॅम वजनामुळे खाचेतील ध्वनीत स्वतःहून काही भर पडत नाही. मधले छिद्र केंद्रापासून जरासे सरकले असले, तर मात्र स्थिर स्वर हेलकावे खातो. ॲलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१च्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’मधील तानपुऱ्यासारख्या अखंड स्वरावर हा दोष तत्काळ उघडा पडतो, आणि तानपुऱ्याला सरावलेला श्रोता तो इतरांच्या आधी ओळखतो.

प्रत ओळखण्याची साधने लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत सापडतात. जुन्या ब्लू नोटवर व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ ही खूण आणि प्लास्टिलाइट या दाबकारखान्याची कानासारखी दिसणारी खूण असते. कंपनी १९६५-६६च्या सुमारास लिबर्टीकडे गेल्यानंतर ही दुसरी खूण नाहीशी होते. सॅक्सोफोनवादक हँक मोब्ली यांच्या ब्लू नोटवरील १५६८ क्रमांकाच्या १९५७च्या एलपीवर लेबलातील पत्त्यात ‘न्यूयॉर्क २३’ हा टपाल विभाग आहे की नाही, यावरूनही प्रतीची खेप ठरवण्याचा प्रयत्न होतो.

पुनःप्रकाशनाच्या माला : युनायटेड आर्टिस्ट्सच्या ताब्यात ब्लू नोट असताना १९७५ पासून मायकेल कस्कुना यांनी तिचे भांडार तपासले व अनेक अप्रकाशित बैठका उजेडात आणल्या. त्यांनीच चार्ली लूरी यांच्यासह स्थापन केलेल्या मोझेक रेकॉर्ड्सने १९८३ पासून मर्यादित प्रतींचे पेटीसंच काढले. जपानमध्ये किंग रेकॉर्ड्सच्या तबकड्या त्यांच्या शांत पृष्ठभागामुळे नावाजल्या गेल्या. टीना ब्रुक्स या सॅक्सोफोनवादकाची स्वतःच्या नावाची एकच एलपी त्यांच्या हयातीत निघाली. १९५८ मध्ये मुद्रित झालेली ‘मायनर मूव्ह’ १९८० मध्ये जपानातून प्रथम प्रसिद्ध झाली, त्या वेळी ब्रुक्स हयात नव्हते. पुनःप्रकाशनाचे सर्वांत मोठे ऋण अशा वादकांच्या बाबतीत जाणवते. अमेरिकेत प्रेस्टीज व रिव्हरसाइड यांचे भांडार फँटसी या कंपनीकडे आल्यावर १९८२ मध्ये ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही माफक किमतीची माला सुरू झाली. तिने एका पिढीचे जॅझ-शिक्षण केले, आणि क्राफ्ट रेकॉर्डिंग्जने २०२३ मध्ये तिला नव्याने चालना दिली. म्युझिक मॅटर्स या कंपनीच्या ४५ फेऱ्यांच्या माला २००७ नंतरच्या. तेथील जो हार्ली यांच्याच देखरेखीखाली ब्लू नोटची ‘टोन पोएट’ माला २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या तबकड्या केव्हिन ग्रे कोरतात, कॅलिफोर्नियातील आरटीआय या दाबकारखान्यात त्या दाबल्या जातात आणि जाड पुठ्ठ्याच्या दुहेरी वेष्टनात वुल्फ यांची छायाचित्रे मोठ्या आकारात दिलेली असतात. व्हर्व्ह व इम्पल्ससाठी ‘ॲकॉस्टिक साउंड्स’ ही तत्सम माला २०२० पासून आहे.

अमेरिकेत २०२२ मध्ये व्हायनिलच्या सुमारे ४.१ कोटी, तर सीडीच्या सुमारे ३.३ कोटी प्रती विकल्या गेल्या. प्रतींच्या संख्येत व्हायनिल पुढे जाण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी मोबाइल फिडेलिटी ही प्रतिष्ठित कंपनी २०११ पासून आपल्या अनेक तबकड्यांसाठी फितीचे उच्च प्रतीचे डिजिटल रूप मधे वापरत असल्याचे उघड झाले. संपूर्ण ‘ॲनालॉग’ साखळीच्या समजुतीने पैसे मोजलेल्या ग्राहकांनी दावे दाखल केले. या तबकड्यांचे अनुभवी परीक्षकांनीही वर्षानुवर्षे कौतुक केले होते, एवढ्यावरून डिजिटल पायरीने ध्वनी बिघडतो हा सिद्धांत डळमळीत होतो. वाद खरा होता तो माहिती दडवण्याचा. वेष्टनावर फितीचा स्रोत, पिढी (ती मूळ फीत की तिची कितवी नक्कल) आणि कोरकाचे नाव छापण्याची निकड त्यानंतर सर्वांनाच पटली. मूळ फिती सर्वत्र शिल्लक आहेत असेही नाही. युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात १ जून २००८ रोजी लागलेल्या आगीत इम्पल्सच्या फितींसह मोठा साठा नष्ट झाल्याचे वृत्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले; कंपनीने हानी इतकी मोठी असल्याचे मान्य केलेले नाही.

अर्वाचीन जॅझ : १९९० ते २०१० या काळातील अनेक संग्रह केवळ सीडीवर निघाले होते, म्हणून त्यांची एलपी हे पुनःप्रकाशन असूनही व्हायनिलवरील पहिलेच प्रकाशन असते. कसँड्रा विल्सन यांचा २००३चा ‘ग्लॅमर्ड’ टोन पोएट मालेत आला तो असाच. सीडीचा तासाभराचा आशय एका तबकडीवर मावत नाही व रचनांचा क्रम बाजूंनुसार पुन्हा बसवावा लागतो. म्युनिकच्या ईसीएमने (स्थापना १९६९) २०२३ मध्ये ‘ल्युमिनेसन्स’ ही स्वतःची माला सुरू केली. या संगीतातील दीर्घ शांतता तबकडीच्या गुणवत्तेची कठोर परीक्षा घेते.

भारतीय संदर्भ : मुंबईतील जॅझ १९३०च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी बहरले आणि ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी सांभाळले. त्यातील फारच थोडे तबकडीवर आले असल्याने पुनःप्रकाशनास वावही अल्प आहे. ठळक अपवाद गोमंतकीय कुटुंबातील, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांचा. ते १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडला गेले. तेथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्यासाठी १९६९ मध्ये त्यांनी ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह ‘हम दोनो’ ही मुद्रणे केली. दोन्हींच्या मूळ प्रती अतिशय दुर्मिळ आहेत. डिसिल्वा यांनी १९७२ मध्ये मुद्रित केलेला ‘कोंकण डान्स’ त्या वेळी प्रसिद्धच झाला नाही. तो श्रोत्यांपर्यंत पोहोचला तो काही दशकांनंतर, डिसिल्वा यांच्या निधनानंतर.